धूळ कुठली, ते आधी सांगा

ताई, तुमच्या लांबलचक प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे माझी समजण्यात काही चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. वडील ५६ वर्षांचे, कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीत २१ वर्षं फेटलिंगला, म्हणजे ओतीव लोखंडी वस्तू घासून साफ करायला. बिडी-सिगारेट कधीच नाही, तंबाखू मात्र दाढेखाली असते. दोन वर्षांपूर्वी खोकला आणि दम सुरू झाला, एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके दिसले. टीबी समजून सहा महिने गोळ्या झाल्या, ठिपके आहेत तिथेच आहेत. आता कुणीतरी सांगितलं की दगडामातीच्या धुळीनं फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, आणि घरात कुणाला झोप नाही. शिवाय धाकटा भाऊ पुण्यात ग्रॅनाइट आणि क्वार्ट्‌झचे ओटे कापून बसवतो, त्याचं काय, हेही तुम्ही विचारलंय.

धुळीनं कॅन्सर होतो का? काही धुळींनी होतो. स्फटिकरूप सिलिकाची, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झची, अतिबारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पण तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून वडिलांच्या बाबतीत मला पहिली काळजी कॅन्सरची वाटत नाही. कशाची वाटते तिकडे येतोच, त्याआधी ‘धूळ’ या शब्दाचा निकाल लावू.

मी २६ वर्षं छातीचे रोगी तपासतोय. केसपेपरवर नाव, वय, गाव, वजन सगळं असतं. व्यवसायाच्या जागी ‘मजुरी’ किंवा ‘खासगी नोकरी’ एवढंच. एकदा एक गृहस्थ टीबीचे तीन कोर्स झाल्यावर माझ्याकडे आले. हातात वीतभर जाडीची फाइल, आणि ते १४ वर्षं सँड ब्लास्टिंग (जोराच्या हवेनं वाळू मारून धातू साफ करणं) करत होते हे त्या फाइलीत एकदाही लिहिलेलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, त्यांना सांगावंसं वाटलं नव्हतं. ‘धुळीत काम करतो’ असं म्हणाले असते तरी फारसा उपयोग नव्हता, कारण पिठाच्या गिरणीतही धूळ असते, कापसाच्या जिनिंगमध्येही असते, एसटीच्या रस्त्यावरही असते. प्रश्न असा असतो: धूळ कुठल्या दगडाची, किती बारीक, दिवसाचे किती तास, आणि किती वर्षं?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. प्रयोगशाळेत त्याचं पृथक्करण केलं तर त्यात साधारण ४८ ते ५० टक्के सिलिका निघते. हा आकडा वाचून खडी क्रशरवरची माणसं घाबरतात. पण ती सिलिका बहुतेक सगळी लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांच्याशी बांधलेली असते. मोकळं क्वार्ट्‌झ बेसाल्टमध्ये फार थोडं. उलट ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ सहज पाचवा ते तिसरा हिस्सा असतं, वालुकाश्मात त्याहून बरंच जास्त, आणि गारगोटी म्हणजे जवळजवळ शुद्ध क्वार्ट्‌झच. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या काळ्या दगडाची जाती-पाटे घडवणारा पाथरवट आणि मध्य प्रदेशात मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारा कामगार, दोघंही ‘दगडाच्या धुळीत’ बसले तरी दोघांची छाती सारखी नसते. मंदसोरच्या त्या धंद्यात सिलिकोसिसनं, म्हणजे सिलिकेच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारानं, ऐन तिशी-चाळिशीतली माणसं गेली. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्यांची आणि गोध्र्याला क्वार्ट्‌झ दळणाऱ्या कारखान्यांत गेलेल्या आदिवासी मजुरांची गत तीच. काळ्या दगडाची धूळ निर्धोक असं मात्र कुणी यावरून समजू नये. खडी क्रशरच्या बायका-माणसांना दमा, जुनाट खोकला होतो तो खोटा नाही, आणि कातळाच्या पोकळ्यांत गारगोटी-अकीक भरलेले असतात ते खडीबरोबर दळलेच जातात. पण जोखमीची पायरी वेगळी.

रांगोळीचंही असंच. ती मऊ शिरगोळ्याची असेल तर एक गोष्ट, गारगोटी दळून केलेली असेल तर दुसरी. आणि दारात रांगोळी काढणारीला काही होत नाही. ती दळून, चाळून पोत्यांत भरणारीला होऊ शकतं.

आता बारीकपणाचं. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचणारा कण चार मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान. तो उन्हाच्या तिरिपीत चमकला तर चमकला, एरवी दिसत नाही. नाकात काळा शेंबूड आला, थुंकीतून माती पडली म्हणजे धूळ आत गेली असं लोक समजतात. खरं तर ती बाहेर पडलेली धूळ आहे. घात करते ती न दिसणारी. फेटलिंगच्या शेडमध्ये काम थांबल्यावर अर्ध्या तासानं हवा ‘स्वच्छ’ वाटते, तेव्हा जाड कण खाली बसलेले असतात आणि बारीक अजून तरंगत असतात. नेमक्या त्याच वेळी माणसं तोंडावरचं फडकं काढून डबा उघडतात.

आत गेल्यावर काय होतं? फुफ्फुसात सफाई करणाऱ्या भक्षक पेशी असतात. जंतू असो, कोळशाचा कण असो, त्या गिळतात आणि बाहेरची वाट धरतात. क्वार्ट्‌झचा कण गिळला की पेशी स्वतःच मरते, तिच्यातली विकरं आणि दाहाचे संदेश आजूबाजूला सांडतात, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी येते, तीही मरते. हे चक्र माणसानं नोकरी सोडल्यावरही चालूच राहतं, कारण कण आतच असतो. नुकत्याच फुटलेल्या क्वार्ट्‌झचा पृष्ठभाग जुन्या, झिजलेल्या वाळूपेक्षा जास्त विखारी असतो. म्हणून समुद्रकिनारी वाळूत लोळणाऱ्या पोराला काही होत नाही आणि ग्राइंडर चालवणाऱ्याला होतं. सततच्या दाहातून एकीकडे तंतू साठून गाठी होतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात. दुसरीकडे तिथल्या पेशींच्या डीएनएला मार बसत राहतो आणि पेशी पुनःपुन्हा दुरुस्तीसाठी विभागत राहतात. शंभरदा नक्कल करताना एखादी चूक कायम राहते, तशातून कॅन्सरची सुरुवात. याला २०-३० वर्षं लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं (तिला आयएआरसी म्हणतात, मुख्यालय फ्रान्समध्ये लिऑनला) कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारी स्फटिकरूप सिलिका १९९७ च्या अहवालात पहिल्या गटात, म्हणजे ‘माणसात कॅन्सर करते हे सिद्ध’ अशा गटात टाकली. तेव्हा त्यावर बराच वाद झाला. टीकाकार म्हणत, हे कामगार बिड्या-सिगारेटी ओढतात, त्याचा दोष तुम्ही वाळूवर घालताय. काहींचं म्हणणं, सिलिकोसिस झाला तरच धोका, नुसत्या धुळीनं नाही. हे आक्षेप बिनबुडाचे नव्हते. खुद्द त्या अहवालातही लिहिलं होतं की सगळ्याच उद्योगांत हा परिणाम दिसलेला नाही. २००१ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या दहा कामगार-गटांची, एकूण ६५,९८० जणांची, माहिती एकत्र करून पाहिली. त्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरनं १,०७२ मृत्यू होते, आणि आयुष्यभरात छातीत गेलेली सिलिका जसजशी जास्त तसतसा धोका जास्त, असा चढता क्रम दिसला. २०२० मध्ये आणखी मोठं काम आलं: १४ अभ्यासांतले १६,९०१ रुग्ण आणि तुलनेसाठी २०,९६५ जण. त्यात प्रत्येकाच्या धूम्रपानाचा हिशेब घेतलेला होता. कधीही न ओढणाऱ्यांतही, आणि सिलिकोसिस नसलेल्यांतही, धोका वाढलेला आढळला. त्यानंतर मीही माझं मत बदललं. तोवर रुग्णांना ‘सिलिकोसिस नाही ना, मग कॅन्सरची चिंता नको’ असं बिनधास्त सांगायचो. आता सांगत नाही.

मात्र ‘धोका वाढतो’ म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही आणि लोकांची झोप तिथेच उडते. सिलिकोसिस झालेल्यांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका ढोबळमानानं दुप्पट धरतात. सिलिकोसिस नाही पण धूळ बरीच गेली, अशांत वाढ त्याहून बरीच कमी. दुप्पट हा शब्द भयंकर वाटतो, पण कशाच्या दुप्पट ते पाहा. समजा (हे आकडे मी फक्त हिशेबापुरते घेतोय) कधीही न ओढणाऱ्या हजार पुरुषांत आयुष्यभरात पाच जणांना हा कॅन्सर होतो. दुप्पट म्हणजे दहा. उरलेल्या ९९० जणांना होत नाही. तेच हजार जण रोज बिडीचे दोन कट्टे ओढणारे असतील तर मुळातला आकडा पाचाऐवजी साठ-सत्तरच्या घरात असतो, आणि दुप्पट त्याची होते. सिलिका तीच, शेड तीच, पण एका हजारात पाच वाढले आणि दुसऱ्या हजारात साठ. म्हणून फौंड्रीतला माणूस माझ्यासमोर बसला की मी धुळीवर जेवढा बोलतो त्याच्या दुप्पट बिडीवर बोलतो. मालकाला हे फार आवडतं, हेही मला ठाऊक आहे. ‘डॉक्टर म्हणाले बिडीमुळे झालं’ असं सांगून हात झटकायला बरं. तसं नाही. बिडी सोडणं कामगाराच्या हातात आहे, धूळ कमी करणं मालकाच्या, आणि एकाचं काम झालं नाही म्हणून दुसऱ्याचं माफ होत नाही.

तुमच्या वडिलांनी ओढलेलं नाही, ही त्यांच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट. तंबाखू थांबवायलाच हवी, पण तिचं मुख्य लक्ष्य तोंड आहे, फुफ्फुस नव्हे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की तोंड उघडून गालाच्या आतून आणि जिभेखालून बघायला सांगा. एवढ्या चिंतेत तेच राहून जाईल.

फेटलिंगबद्दल, कारण हे काम बाहेरच्यांना माहीत नसतं. साच्यातून काढलेल्या कास्टिंगवर वाळू भाजून चिकटलेली असते. ती ग्राइंडरनं, चिझलनं उडवायची, कडा साफ करायच्या. म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या उष्णतेत तडकलेली सिलिका, आणि तिचा नुकताच फुटलेला कण तोंडापासून हातभर अंतरावर. नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं), फेटलिंग आणि वाळूचं ब्लास्टिंग ही फौंड्रीतली सर्वांत धुळीची कामं. मोल्डिंगला ओली वाळू असल्यानं त्या मानानं कमी. आणि फौंड्रीत नुसती वाळू नसते. साच्याच्या वाळूत कोळशाची भुकटी मिसळतात, कोअरला, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याला, रेझिन असतं. धातू ओतला की ते जळून जो धूर निघतो त्यात कॅन्सर करणारी हायड्रोकार्बन असतात. आयएआरसीनं लोखंड-पोलादाचं ओतकाम हा धंदाच पहिल्या गटात ठेवलाय तो यामुळे. वडिलांच्या छातीत वाळूनं किती केलं आणि धुरानं किती, हे कुणालाच वेगळं करून सांगता येणार नाही, आणि उपचारासाठी त्याची गरजही नाही.

कायद्याची मर्यादा काय, असंही तुम्ही विचारलंय. आपल्याकडे फॅक्टरी कायद्यातलं एक सूत्र चालत आलंय: दहा भागिले, धुळीतल्या क्वार्ट्‌झची टक्केवारी अधिक दोन. येणारा आकडा घनमीटर हवेतल्या बारीक धुळीचे मिलिग्रॅम. धुळीत २० टक्के क्वार्ट्‌झ असेल तर १० भागिले २२, म्हणजे साधारण ०.४५. त्यातली सिलिका मोजली तर ०.०९ होते. थोडक्यात आपली मर्यादा सिलिकेपुरती ०.१ च्या जवळपास. अमेरिकेनं २०१६ मध्ये ती ०.०५ वर आणली. आता मगाचा २००१ चा अभ्यास आठवा: विसाव्या वर्षापासून पासष्टीपर्यंत ०.१ इतक्या सिलिकेत काम केलं तर फुफ्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका शेकडा १.१ ते १.७ नं वाढतो, असं त्यातून निघालं. म्हणजे मर्यादा पाळली तरी हजारात अकरा ते सतरा जण जास्तीचे, आणि मर्यादा पाळली जाते का, हे तुमचे वडील माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

तुमच्या पत्रात तीन-चार इतर धुळींचाही उल्लेख आहे, ते पटकन उरकतो. ॲस्बेस्टॉस ही मात्र पटकन उरकण्यासारखी गोष्ट नाही. ते खनिजच, पण धाग्यांचं. भक्षक पेशीला लांब धागा गिळता येत नाही, ती अर्धवट गिळून तडफडत राहते आणि दाह चालूच. फुफ्फुसाच्या कॅन्सरशी त्याचं नातं इंग्लंडमध्ये १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी एका कारखान्यातल्या कामगारांवरून दाखवलं. फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कॅन्सर १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीभागात ॲस्बेस्टॉसशी जोडला गेला. आणि बिडी-सिगारेटबरोबर ॲस्बेस्टॉस आलं की बेरीज होत नाही. १९७९ च्या अमेरिकेतल्या प्रसिद्ध अभ्यासात, दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत, न ओढणाऱ्या ॲस्बेस्टॉस कामगारांचा धोका पाचपट, ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या पण ओढणाऱ्यांचा अकरापट, आणि दोन्ही असलेल्यांचा तब्बल ५३ पट निघाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपायला सांगितलं, ते या आजाराच्या चालीला धरूनच. घरावरचे सिमेंटचे पत्रे अखंड असतील तर घाबरून काढू नका. ग्राइंडरनं कापायचे नाहीत, भोक पाडताना पाणी मारायचं, फुटके तुकडे कुटून अंगणात भरीला टाकायचे नाहीत. आणि नवऱ्याचे ॲस्बेस्टॉसच्या धुळीचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची नोंद लंडनला १९६५ सालचीच आहे. फौंड्रीच्या कपड्यांबाबत एवढा पुरावा नाही, तरी वडिलांचे कपडे आईनं कोरडे झटकू नयेत, सरळ पाण्यात बुडवावेत.

कोळसा: चंद्रपूर, वणीकडच्या वाचकांना हे लागेल. कोळशाच्या धुळीनं फुफ्फुस काळं पडतं, न्यूमोकोनिओसिस (धूळ साठून होणारा फुफ्फुसाचा आजार) होतो, दम लागतो, पण फुफ्फुसाचा कॅन्सर वाढतो असा ठाम पुरावा मिळालेला नाही. आयएआरसीनं कोळशाची धूळ ‘वर्गीकरण करता येत नाही’ अशा तिसऱ्या गटात ठेवलीय. खाणीच्या छताचा वालुकाश्म फोडणाऱ्याला मात्र सिलिकेचा हिशेब लागू. डिझेलच्या यंत्रांचा धूरही २०१२ पासून पहिल्या गटात आहे, तो भूमिगत खाणीत कोंडतो. शंखजिरे, म्हणजे टाल्क, २०२४ मध्ये ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात गेलं, पण माणसांतला त्यामागचा पुरावा बीजांडकोशाच्या कॅन्सरचा, फुफ्फुसाचा नाही.

गोव्याच्या लोहखनिजाबद्दल एकानं मला विचारलं होतं की हेमॅटाइटची खाण पहिल्या गटात आहे, मग डिचोली-सांग्याच्या लाल धुळीचं काय. यादीत आहे ती ‘भूमिगत’ हेमॅटाइट खाण, आणि तिथे आरोपी लोखंड नव्हे, रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे. गोव्याच्या खाणी उघड्या आहेत. याच्यामागे जुनी गोष्ट आहे. जर्मनी आणि बोहेमिया (आजच्या चेक देशाचा भाग) यांच्या सीमेवरच्या श्नेबर्गच्या खाणकामगारांना शतकानुशतकं एक ‘डोंगरी रोग’ होत असे. १८७९ मध्ये हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी शवविच्छेदनं करून तो फुफ्फुसाचा कॅन्सर असल्याचं दाखवलं. बराच काळ दगडाच्या धुळीवर, आर्सेनिकवर संशय होता. मुख्य दोषी निघाला युरेनियमयुक्त खडकातून झिरपणारा रेडॉन. मला ही हकिगत फार आवडते, कारण धूळ समोर दिसते म्हणून तिच्यावरच खापर फोडण्याचा मोह किती जुना आहे ते कळतं. लाल धुळीनं डिचोलीतल्या लोकांचं जगणं नकोसं झालं ते वेगळं, खोकला-दमा वेगळा. कॅन्सरसाठी तिला सिलिकेच्या पंक्तीत बसवता येत नाही.

आता वडील. वर म्हटलं की माझी पहिली काळजी कॅन्सरची नाही. ती अशी: २१ वर्षं फेटलिंग, दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक ठिपके, टीबीच्या गोळ्यांनी तसूभर न हललेले. हे वर्णन सिलिकोसिसचं आहे, किमान निकरानं तपासावं इतकं तरी आहे. एक्स-रे न बघता मी निदान करत नाही. पण टीबी नव्हताच, गोळ्या फुकट गेल्या, असंही म्हणू नका. सिलिकानं भक्षक पेशी मरतात, आणि टीबीच्या जंतूला अडवणाऱ्याही त्याच पेशी. त्यामुळे सिलिकोसिसच्या माणसाला टीबी होण्याचा धोका कैक पटींनी जास्त असतो, नोकरी सोडल्यावरही. आपल्या देशात सिलिकोसिसचा रोगी कॅन्सरपेक्षा टीबीनं आणि श्वास कमी पडून जातो. म्हणून प्रश्न ‘टीबी की सिलिकोसिस’ असा नसून ‘दोन्ही आहेत का’ असा आहे. गोळ्या सुरू करण्याआधी थुंकीत जंतू सापडला होता का, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) झाली होती का, की नुसत्या एक्स-रेवर कोर्स दिला? तो कागद शोधा. सिलिकोसिससोबत टीबी असेल तर नेहमीच्या सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ उपचार लागतात. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं यांतलं काही पुन्हा दिसलं तर थुंकी पुन्हा तपासायचीच.

कॅन्सरसाठी काय बघायचं? ठिपके दोन्हीकडे सारखे, वर्षानुवर्षं तेवढेच, यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढे हे ठिपके एकत्र येऊन मोठे गोळे होतात तेव्हा मात्र भल्याभल्यांची फसगत होते. रिपोर्टवर ‘मास’ असं छापून येतं, घरात रडारड होते, आणि तो असतो सिलिकोसिसचाच घट्ट झालेला व्रण. उलटंही होतं: ‘जुना सिलिकोसिस आहे’ म्हणून गोळ्याकडे दुर्लक्ष, आणि आत कॅन्सर. पेट स्कॅनवर भरवसा ठेवू नका, कारण दाह, टीबी आणि कॅन्सर तिन्ही त्यात चमकतात. खरा निकाल लावतो तो जुना फोटो. तीन वर्षांपूर्वी तोच गोळा तेवढाच होता का? एकाच बाजूला, नवा, महिन्यांत वाढणारा गोळा, थुंकीत रक्त, आवाज बसून तीन आठवडे न सुटणं, विनाकारण वजन घटणं, यांपैकी काहीही असेल तर बायोप्सीपर्यंत जायचं, तिथे चालढकल नाही.

एकदा छातीचा सीटी स्कॅन करून घ्या, निदान पक्कं व्हायला आणि पुढे तुलनेला. दरवर्षी सीटी काढत बसा, असं मी सांगणार नाही. कमी किरणांच्या सीटीनं फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर पकडून त्यानं होणारे मृत्यू वीस टक्क्यांनी घटले ते २०११ च्या अमेरिकेतल्या चाचणीत, आणि ती भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांवर होती. आपल्याकडे टीबीचे जुने डाग इतके की न ओढणाऱ्याच्या प्रत्येक सीटीत काहीतरी सापडतं, मग सुया, मग खर्च, मग न्यूमोथोरॅक्स (सुईनं फुफ्फुसाबाहेर हवा साचणं). वडील ओढत असते तर माझं उत्तर वेगळं असतं. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा एक्स-रे, स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची तपासणी), वजन आणि नीट तपासणी, आणि वरच्या खुणांपैकी काही दिसलं तर लगेच सीटी.

फेटलिंगवरून त्यांना हलवा. आत गेलेला कण काढणारं औषध नाही. जाहिरातीतले काढे, गूळ खाऊन धूळ उतरते हा समज, फुफ्फुस धुऊन देतो म्हणणारे, यांच्यावर पैसे घालवू नका. सिलिकोसिस ठरला तर तो कायद्यानं कळवण्याचा आजार आहे: तपासणाऱ्या डॉक्टरनं कारखाना निरीक्षकांकडे, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, लेखी कळवायचं असतं. बरेच डॉक्टर कळवत नाहीत, काहींना माहीतच नसतं. तुम्ही आठवण करून द्या. ईएसआयचं (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर व्यावसायिक आजाराच्या लाभासाठी अर्ज तिथे होतो. त्याला लागतो तो पुरावा म्हणजे काम काय होतं, किती वर्षं. कंत्राटदारामार्फत असतील तर जुने गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचा नंबर, जे सापडेल ते पिशवीत ठेवा. सोबतच्या दोघा-तिघांनाही एक्स-रे काढायला सांगा. त्याच शेडमध्ये आणखी दोघांचे ठिपके निघाले की कुणाला ‘हा यांचा जुना टीबी’ म्हणता येत नाही.

भावाची मला वडिलांपेक्षा जास्त घाई वाटते, कारण त्याचं अजून टाळता येण्यासारखं आहे. कडाप्पा हा चुनखडकाच्या जातीचा, त्यात क्वार्ट्‌झ कमी. ग्रॅनाइटचं वर सांगितलं. बाजारात ‘क्वार्ट्‌झ’ म्हणून मिळणारे तयार स्लॅब म्हणजे दळलेलं क्वार्ट्‌झ रेझिनमध्ये घट्ट बसवलेलं, त्यात सिलिका नव्वद टक्क्यांच्याही वर असू शकते. ते कोरडं कापणाऱ्या तरुण पोरांना दहा वर्षांच्या आत सिलिकोसिस झाला, म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून हा कृत्रिम दगडच बंद केला. पुण्यात तो बंद कुठे, नवीन फ्लॅटमध्ये मागणी वाढतेच आहे.

त्याला म्हणावं, सिंकचा कट आणि कडेची घासाई ग्राहकाच्या बंद स्वयंपाकघरात कोरडी करू नकोस. माप घेऊन शेडमध्ये पाण्याखाली काप, जागेवर काही करावंच लागलं तर पाणी सोडणारा ग्राइंडर आणि उघडी गॅलरी. काम झाल्यावर झाडू नाही, ओलं पुसणं. कॉम्प्रेसरच्या हवेनं अंगावरचे कपडे उडवतात ते तर आजच बंद. खाली बसलेली सगळी बारीक धूळ त्यानं पुन्हा नाकासमोर आणली जाते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा दवाखान्यातला निळा मास्क या कणाला अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्याला चांगली भरघोस दाढी आहे. तिच्यावर एन-९५ बसत नाही, बाजूनं हवा आत येते. दाढी ठेवायची असेल तर पंख्यानं हवा देणारा, डोकं झाकणारा हूड घ्यावा लागेल, तो महाग आहे. आणि त्याचाही एक एक्स-रे आत्ताच काढून ठेवा, काही त्रास नसताना. वीस वर्षांनी कुणा डॉक्टरला तुलनेला तोच लागेल.

वडिलांचा पहिला एक्स-रे, थुंकीचे रिपोर्ट आणि कामाची वर्षवार यादी (कुठल्या फौंड्रीत, कुठल्या विभागात, किती साल) एवढं घेऊन जवळच्या छातीविकारतज्ज्ञाकडे जा. यादी पेन्सिलीनं केली तरी चालेल, पण वडिलांना समोर बसवून करा. माणसं आधी ‘मोल्डिंगला होतो’ म्हणतात, आणि मधली सहा वर्षं ब्लास्टिंगला होतो हे त्यांना चौथ्या प्रश्नाला आठवतं.